लायसन्सचे तास भरले, पण अभ्यासाचं काय?

फ्रीमाँटकर

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, आता कॅलिफोर्नियात. ॲक्युपंक्चरची प्रॅक्टिस आहे, चिनी वनौषधीही देते. इथे दर दोन वर्षांनी लायसन्स रिन्यू करताना ५० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. यंदाचे माझे भरले. बहुतेक वेबिनार, तेही रात्री पोरं झोपल्यावर. प्रमाणपत्रांची फाइल जाड झालीय. पण परवा एका बाईंची नाडी बघताना ती तारेसारखी ताणलेली म्हणू की पिळलेल्या दोरीसारखी घट्ट, हे कॉलेजात जितकं अवघड जायचं तितकंच गेलं.

जे या कामात मुरलेत ते अभ्यास करतात तरी कसा? जुने ग्रंथ वाचायचे का? चिनी येत नाही, भाषांतरांवरच भिस्त. आणि कृपया "चीनला जाऊन ये" सांगू नका, घरात दोन लहान पोरं आहेत.

पुणेरी_सुई

स्पष्ट सांगू? ग्रंथ ठेवा कपाटात, ॲनाटॉमी वाचा. खांद्यावरच्या च्येनचिंग पॉइंटला सुई नको तितकी खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. हे किती वेळा वाचलं तरी कमीच. नाडीचं म्हणाल तर चार जणांना दाखवा, पाच उत्तरं मिळतील.

सनसेटची_मावशी

फ्रीमाँटकर, नाडीचं मनाला लावून घेऊ नकोस. तिसऱ्या शतकात वांग शूह नावाच्या चिनी वैद्याने नाडीवर अख्खा ग्रंथ लिहिला, २४ प्रकार सांगितले, आणि प्रस्तावनेतच कबूल केलं की हे मनाला सहज कळतं, बोटांखाली मात्र उमगत नाही. तुझी तक्रार जुनीच आहे.

पुणेरींचं ॲनाटॉमीचं म्हणणं सोळा आणे खरं. त्यात मी औषधांची भर घालते. १९९० च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या उपचारात एका मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीची मुळी गेली. दोघींची चिनी नावं जवळपास सारखी. कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. पाठ्यपुस्तकात फक्त चिनी नाव वाचून हे कळत नाही, वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि पुरवठादाराचे कागद बघावे लागतात. असल्या विषयाचे तास भरताना अजिबात कुरकुर करायची नाही. बाकी "अमक्या तमक्या गुरूंची गुप्त सूत्रं, आठ तासांत" वगैरे जाहिरातींवर पैसे घालवू नकोस.

पण कपाटाचं मला पटत नाही, पुणेरी. चिनी शास्त्रज्ञ थू योयो बाई फार्मसी शिकलेल्या, नंतर अडीच वर्षं चिनी वैद्यकाचा कोर्स केलेला. मलेरियावर शोध चालू असताना चौथ्या शतकातल्या ग हुंगच्या पुस्तकातली एक ओळ त्यांनी पुन्हा वाचली: मूठभर छिंगहाव (ही एक वनौषधी) पाण्यात भिजवून पिळायचा, रस प्यायचा. उकळायचं कुठेच म्हटलेलं नाही! उष्णतेने गुण जात असावा, म्हणून त्यांनी अर्क काढायला कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं. त्यातून मलेरियाचं औषध निघालं, २०१५ चं नोबेल मिळालं. गुण सिद्ध झाला तो प्रयोगशाळेत, हेही खरंच. पण ती ओळ वाचणाऱ्याच्या हातात आधी प्रश्न होता.

मी हेच सांगत असते: पहिल्या पानापासून ग्रंथ वाचायला बसू नकोस, पेशंट घेऊन ग्रंथाकडे जा. माझ्या वहीत डाव्या पानावर पेशंट बघितल्या बघितल्या लिहिते: काय वाटतं, का वाटतं, पुढच्या खेपेला काय बदललेलं दिसायला हवं. उजवं पान कोरं. पुढच्या खेपेला ते भरायचं, डाव्याला हात न लावता. ही काही माझी अक्कल नव्हे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात छुनयू यी नावाच्या वैद्याची सम्राटापुढे चौकशी झाली तेव्हा त्याने आपल्या २५ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. त्यात दगावलेलेही होते. तुझं कधी चुकतं का, असं विचारल्यावर, प्रत्येक वेळी बरोबर येणं मला जमत नाही, असं त्याने सांगितलं. आजच्या वेबिनारवाल्यांपैकी किती जण दगावलेली केस स्लाइडवर दाखवतात?

फ्रीमाँटकर

मावशी, वही आजच आणते. पण ग्रंथ कुठला धरू? मी फार पसरट वाचते.

सनसेटची_मावशी

शांगहान लुन, काढ्यांचा जुना चिनी ग्रंथ. ३९८ कलमं, बरीचशी दोन-चार ओळींची. तीही सगळी नकोत, नुसतं ग्वेइची थांगचं, म्हणजे दालचिनीच्या काढ्याचं, कुटुंब घे. दालचिनीच्या काड्या, पांढऱ्या पिओनीचं मूळ, ओलं आलं, लाल बोरं, भाजलेला ज्येष्ठमध. पाचच जिनसा. पिओनी दुप्पट केली की तेच औषध पोटदुखीकडे वळतं. त्यात माल्टची साखर घातली की अशक्त माणसाच्या कळांवरचं वेगळं औषध होतं. प्रमाण हललं की औषध ज्याला लागू पडतं तो माणूस बदलतो, हे इथे जितकं लख्ख दिसतं तितकं वेबिनारमध्ये मला कधी दिसलं नाही.

आणि काढ्याखालच्या सूचना वगळू नकोस. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घ्यायचं, अंगाला जेमतेम घाम यावा, पाण्यासारखा वाहू द्यायचा नाही. एका डोसात बरं वाटलं तर उरलेला काढा घ्यायचा नाही. पेशंटला घरी काय सांगायचं याचं इतकं नेमकं शिक्षण मला दुसरीकडे मिळालं नाही. (आमच्या आजीला बरीच वर्षं आधी माहीत होतं म्हणा, पेजेपुरतं तरी.)

भाषांतरं दोन घे, एक नको. जिथे दोघांचं पटत नाही तिथे थांब.

कोल्हापूरचा_वैद्य

मी आयुर्वेदाचा, मधेच तोंड घालतो. चरकाच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषा सांगितली आहे, म्हणजे एकाच शास्त्राच्या लोकांनी बसून चर्चा करायची. एक मैत्रीची, एक भांडणाची. ताईंना मैत्रीची हवी. आम्ही चार वैद्य महिन्यातून एकदा एकेक फसलेली केस घेऊन बसतो. प्रमाणपत्र मिळत नाही, चहा मिळतो.

सनसेटची_मावशी

वैद्यबुवा, अगदी. चीन सरकारनेही १९९० मध्ये ५०० ज्येष्ठ वैद्य निवडून त्यांच्या हाताखाली तीन-तीन वर्षं शिष्य बसवले. ते शिष्य आधीच डॉक्टर होते. पदवीनंतर पुन्हा कुणाच्या तरी बाजूला बसून नाडी धरायला लागते, ती या वयातही. फ्रीमाँटकर, तुझ्या नाडीच्या प्रश्नावर मला एवढा एकच उपाय माहीत आहे: त्याच मनगटावर आधी तू, मग दुसरं कुणीतरी, दोघांनी न बोलता लिहायचं, मग कागद उलटायचे. मी गुरुवारी दुपारी क्लिनिकमध्ये असते. बार्टने (इथल्या लोकल रेल्वेने) ये, गाडी आणू नकोस, पार्किंग मिळणार नाही.

पुणेरी_सुई

कागद उलटल्यावर काय निघालं ते इथे टाका. मी माझ्या पाच उत्तरांवर ठाम आहे.