मदत हवी आहे: यकृत अचानक निकामी झाल्यास रुग्णाचे भवितव्य कोणत्या निकषांवर ठरवतात?

नमस्कार. आम्ही फोंड्याचे. माझ्या थोरल्या वहिनींना (वय ४३) क्षयाची औषधे दुसऱ्या महिन्यात बाधली, कावीळ झाली आणि नवव्या दिवशी त्या असंबद्ध बोलू लागल्या. औषधे बंद केली असून त्या येथील एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहेत. नाव सांगतात, वार चुकतो. हात पुढे धरायला सांगितले की पंजे फडफडतात. डॉक्टर याला मेंदूवरील परिणामाची दुसरी श्रेणी म्हणतात.

किंग्ज कॉलेज निकषांनुसार प्रत्यारोपणाशिवाय वाचण्याची शक्यता कमी असल्याचे त्यांनी सांगितले आहे. लंडनमध्ये १९८९ साली मांडलेल्या या निकषांत, पॅरासिटामॉल हे कारण नसल्यास, आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतो हे दाखवणारा आकडा) ६.५ च्या वर असणे एवढेच पुरते. अन्यथा वय १० पेक्षा कमी किंवा ४० पेक्षा जास्त, औषधाची बाधा यासारखे कारण, कावीळ आणि भ्रम यांत सात दिवसांहून अधिक अंतर, बिलिरुबिन (काविळीचे रंगद्रव्य, मिग्रॅ/डेसिलिटर) १७.५ च्या वर आणि आयएनआर ३.५ च्या वर, या पाचांपैकी तीन गोष्टी लागतात. वहिनींच्या बाबतीत पहिल्या तिन्ही लागू आहेत, आणि प्रकृती सुधारली तरी त्या बदलणार नाहीत. माझी अडचण नेमकी इथेच आहे. बिलिरुबिन १६.२ आहे, पण आयएनआर काल ३.८ होता, तो आज ३.१ आहे, आणि तोही प्लाझ्मा न देता (दिल्यावर हा आकडा फसवा ठरतो, म्हणून मुद्दाम विचारून घेतले). एसजीपीटीही (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) झपाट्याने उतरले आहे. मात्र यकृताच्या पेशी संपत आल्या तरी ते उतरते, त्यामुळे त्यावर आम्ही आशा ठेवलेली नाही.

दिल्लीच्या एम्सने २०१२ साली मांडलेल्या पद्धतीत अमोनिया, बिलिरुबिन, आयएनआर आणि भ्रमाची श्रेणी यांचा तीन दिवसांतील कल पाहतात. औषधाच्या बाधेत अशा कलाला किती वजन द्यावे? थांबावे, तर मेंदूला सूज आल्यावर अनमोड घाटातून बेंगळुरूला नेणे धोक्याचे. घाई करावी, तर यकृताचा भाग देण्यास तयार असलेल्या दादाचाही जीव विनाकारण पणाला लागेल. वहिनींना आताच प्रत्यारोपण केंद्रात हलवून, दादाच्या तपासण्या चालू असताना शस्त्रक्रियेचा निर्णय तिथे रोजच्या रोज घेता येतो का?

यकृतरोग किंवा अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांनी, तसेच या प्रसंगातून गेलेल्या नातेवाइकांनी कृपया लिहावे. काविळीच्या झाडपाल्याचे पत्ते नकोत. ते घरी पुरेसे जमले आहेत. उद्या सकाळच्या राउंडला डॉक्टरांना काय काय विचारावे, हे आज रात्री कळले तर फार उपयोग होईल.