रिव्हेट ठोकण्याआधी भोकाची कड बघा

घरी बांधत असलेल्या विमानाच्या पंखाला नाशिकच्या अंबडमधल्या दुकानातले साधे पॉप रिव्हेट (पत्रे जोडायचे पोकळ खिळे) चालतील का, असं एकाने विचारलंय. नाही, कृपया लावू नका. पंखाच्या २०२४-टी३ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्याला विमानाच्या आराखड्यात सांगितलेलेच, बहुधा २११७-टी४ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे, भरीव रिव्हेट लागतात. खरी मेहनत मात्र ठोकण्याआधीची. ड्रिल मारल्यावर भोकाच्या कडेवरून नख फिरवा. अडकलं तर बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धारदार कड, राहिलीय, तिथूनच पुढे तडा जातो. १/८ इंची रिव्हेटचं मागचं डोकं (ठोकल्यावर चपटं होणारं टोक) साधारण ४.८ मिमी रुंद, १.६ मिमी उंच यायला हवं. तिरकं बसलं तर काढून नवीन घाला. पत्र्यावर आखणी मार्करनेच करा, सुईने ओरखडा नको. नाशिकजवळ ओझरला एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेलं कुणी ओळखीचं असेल तर रिव्हेट ठोकलेली पहिली पट्टी त्यांना जरूर दाखवा.