रात्री मोटरीवर बसून इंग्रजी बोलायला डिस्कॉर्डची रूम कशी निवडायची?

केळीवाला_यावल
रामराम मंडळी. या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची आहे. मोटर लावायची अन् दर दोन तासांनी ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायचा, मधे नुसतं जागायचं. म्हटलं, तेवढ्यात इंग्रजी बोलून पाहू. डिस्कॉर्ड म्हणजे ग्रुप करून बोलायचं ॲप, त्यातल्या ग्रुपला सर्व्हर म्हणतात. त्या सर्व्हरांची यादी देणाऱ्या डिसबोर्ड साइटवर ‘इंग्लिश’ टाकलं तर पानंच्या पानं सर्व्हर. सगळ्यात वरचा धरला, चाळीस हजार मेंबर! आत व्हॉइस चॅनेलमध्ये दोन जण, तेही म्यूट. दुसरीकडे पाच जण गेमवर बोलत होते. मी हॅलो म्हटलं, कोणी ओ दिली नाही. आपल्याकडे पारावर नवा माणूस टेकला तरी ‘कुठला रे भो?’ विचारतात. नुसती यादी पाहून काही कळतं का? नेट रोजचं दीड जीबी, त्यातलं बरंचसं पोरगी संध्याकाळपर्यंत संपवते.

भुसावळ_जंक्शन
वर दिसतो तो चांगला, हे आधी डोक्यातून काढा. सर्व्हरमधल्या कोणीतरी ‘बंप’ची कमांड दिली की तो यादीत वर येतो, अन् ती दर दोन तासांनी देता येते. तुम्ही व्हॉल्व्ह फिरवता, ते बंप मारतात :)

आमंत्रणाची लिंक उघडली की दोन आकडे दिसतात. करड्या ठिपक्याचा एकूण मेंबरांचा, त्यात कधीतरी येऊन विसरलेलेही धरा. हिरव्या ठिपक्याचा आत्ता ऑनलाइन असलेल्यांचा. तो बघा, अन् तोही तुमच्या वेळेला. आपले रात्रीचे ११ म्हणजे इस्तंबूलला साडेआठ, लोक जेवून मोकळे. न्यूयॉर्कला तेव्हा भरदुपार, तिथले कामावर.

नेटचं म्हणाल तर आवाज साधारण ६४ केबीपीएसने जातो. एक माणूस तासभर सलग बोलला तरी २९ एमबीच्या आसपास. व्हिडिओ तेवढा बंद ठेवा.

अमळनेरकर
आत गेल्या गेल्या ‘व्हेरिफाय करा’ म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावला तर मागे फिरा. तो लॉगिनचा कोड असतो, स्कॅन केला की अकाउंट त्यांच्या हातात. भाच्याचं असंच गेलं, त्याच्या नावाने सगळ्या मित्रांना भलतेच मेसेज. माले आठ दिवस भलता ताप व्हयना.

केळीवाला_यावल
काल साडेअकराला तीनशे मेंबरांचा एक धरला, हिरवे चाळीसेक. पंधरा मिनिटं नुसतं ऐकलं. मग एक तुर्की पोरगा म्हणाला, मागे कसला आवाज येतोय? म्हटलं, मोटर. तिथून विहीर, केळी, नुकती निसवलेली बाग. केळफुलाला इंग्रजीत काय म्हणतात ते काही सुचेना, शेवटी बॅटरी मारून कॅमेरा लावला. व्हिडिओ बंद ठेवा म्हणालात, माहीत आहे. सकाळी पोरगी ओरडली.

व्हॉल्व्ह मात्र वीस मिनिटं उशिरा फिरवला.