जुनी गाडी घेतल्यानंतरचे पहिले काही दिवस : आपापले अनुभव लिहावेत

परवा पुण्याहून परतताना सावळेश्वरच्या टोलनाक्याच्या अलीकडे एक लहान पांढरी गाडी बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी होती. पुढच्या जाळीवर झेंडूचा हार अजून सुकलेला नव्हता, खाली लिंबू-मिरची लटकत होती आणि शेजारी एक तरुण जोडपे गोंधळून उभे होते. हार पाहताच मला आमची पहिली गाडी आठवली आणि मी थांबलो.

२०१२ च्या फेब्रुवारीअखेरीस मी बासष्ट हजारांना एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. तिचे नाव लिहीत नाही, कारण दोष गाडी बनवणाऱ्यांचा नव्हता. सकाळी सात वाजता सोलापुरातल्या सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत आणि परत अशी फेरी मारून मी ती पसंत केली होती. थंड हवेत, रिकाम्या रस्त्यावर, जेमतेम पंधरा मिनिटे चाललेली गाडी तापत नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी आईला घेऊन तुळजापूरला निघालो. तामलवाडी मागे पडल्यावर तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागला. देवीचे दर्शन चुकू नये म्हणून मी आणखी दोन-तीन किलोमीटर गाडी रेटली, आणि तीच माझी खरी चूक ठरली. बॉनेटखालून वाफ आली तेव्हा मी रेडिएटरचे झाकण उघडायला हात घातला, इतक्यात शेजारच्या शेतातील एका काकांनी धावत येऊन माझे मनगट धरले. तापलेल्या रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच ते उकळून अंगावर येते, हे त्यांनी मला त्या दिवशी समजावले. आई लिंबाच्या सावलीत दोन तास बसून राहिली आणि एका शब्दानेही रागावली नाही.

मेस्त्रींनी गाडी खोलली तेव्हा सगळा उलगडा झाला. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरले होते, त्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या निम्म्या बुजल्या होत्या. गाडी तापते म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याचा प्रवाह सांभाळणारा भाग, काढूनच टाकला होता आणि पंख्याचा स्विच मेलेला होता. एवढ्यावर काम स्वस्तात भागले असते, पण मी पुढे रेटलेल्या त्या दोन-तीन किलोमीटरमध्ये हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकले आणि त्याच्या सांध्यातले गॅस्केट गेले. लेथवर हेडचे फेसिंग, नवे गॅस्केट, रेडिएटर आणि मजुरी धरून साडेअकरा हजार रुपये लागले. ते पैसे वडिलांनी दिले, आणि त्यांनी ते कोठून आणले हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

आपल्यापैकी अनेकांनी अशा गाड्या घेतल्या असतील. पहिल्या काही दिवसांत काय बिघडले, तेव्हा आपण काय केले आणि आज काय वेगळे केले असते, ते कृपया या धाग्यावर, म्हणजे या चर्चेत, सविस्तर लिहावे आणि वर आपापल्या भागाचे नाव द्यावे.

जुळे सोलापूर

माझी क्लच प्लेट नवव्या दिवशी गेली. शाळेतून येताना उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनचा आवाज वाढत होता आणि गाडीचा वेग मात्र कमी होत होता. जळका वास गाडीत भरला, मागे वाहनांची रांग लागली आणि माझे हात थरथरू लागले. दोन रिक्षावाले दादा उतरले आणि त्यांनी गाडी ढकलून बाजूला लावली.

मला अजून वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. विकणाऱ्यांनी मला गाडी चालवूच दिली नव्हती. "ताई, तुम्ही बसा, मी चालवून दाखवतो," असे ते अगदी आदराने म्हणाले आणि मी संकोचून बाजूच्या सीटवर बसले. स्वतः चालवली असती तर क्लच किती उंचावर धरतो आहे हे पायाला लगेच समजले असते. गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येक बहिणीला माझे सांगणे आहे की चावी स्वतःच्या हातात घ्या, आणि देत नसतील तर तेथून निघून या.

शेळगी

धागा काढणाऱ्या दादांनी लिहिलेली, लिंबाखाली बसलेली आई वाचून माझ्या आईची आठवण झाली. आमच्याही गाडीने अक्कलकोटच्या वाटेवर असाच दगा दिला होता आणि आईने पिशवीतली शेंगाची चटणी आणि भाकरी काढून मेस्त्रींनाही जेवू घातले होते. बिघाड किरकोळ होता, फॅनबेल्ट तुटला होता. त्यानंतर जुना पण धड असलेला एक बेल्ट मी कायम डिकीत ठेवतो.

अक्कलकोट रस्ता, एमआयडीसी

माझ्या गाडीचे इंजिन उत्तम होते, दोष कागदांत होता, आणि तो दोष इंजिनाच्या कामापेक्षा महाग पडला. विजयपूरची, म्हणजे केए २८ पासिंगची गाडी मला येथल्या भावापेक्षा तीस हजारांनी स्वस्त मिळाली. सही केलेले कोरे फॉर्म हातात आले आणि मी पूर्ण रक्कम मोजून दिली. नंतर एकेक गोष्ट समजत गेली. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या, पुस्तकावर कर्जाचा बोजा तसाच होता. तो उतरवायला वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो आणि बोजा निघाल्याशिवाय गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यासाठीची फॉर्म २८ वरची आरटीओची ना हरकत मिळवताना अडते. शिवाय परराज्यातील गाडी येथे कायमची आणायची तर महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो, तो मी हिशेबात धरलाच नव्हता. परराज्यातून घेतलेल्या गाडीच्या हस्तांतरासाठी पंचेचाळीस दिवसांची मुदत असते, ती माझ्या डोळ्यांदेखत संपली.

याच काळात एका टेम्पोने मागून धडक दिली. विमा चालू होता, पण पहिल्या मालकाच्या नावावर होता. गाडीबरोबर समोरच्या तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण नव्या मालकाकडे येते, परंतु आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा लागतो. तो मी दिला नव्हता, त्यामुळे डिकीचा पत्रा आणि बंपर पदरमोड करून बसवला. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हीही गाडीबरोबर येत नाही, हेही तेव्हाच कळले. गाडी विकणाऱ्यांनीही जपले पाहिजे. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. हा निर्णय वाचल्यावर मी माझी पूर्वी विकलेली दुचाकी कोणाच्या नावावर आहे ते तपासले, तर ती अजून माझ्याच नावावर होती.

विजापूर रस्ता

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आधी मी तिकडचीच एक चकचकीत गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात हॉर्न आपोआप वाजू लागला, नंतर डाव्या काचेची मोटर बंद पडली, नंतर डॅशबोर्डवरचे दिवे मनाला येईल तेव्हा लागू लागले. तीन वायरमन झाले, प्रत्येकाने एक-एक रिले बदलला आणि प्रत्येक वेळी चार दिवसांनी दुसरे काही बिघडले. शेवटी एका वयस्कर कारागिराने कशालाही हात लावण्याआधी मागच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेषा होती. मग त्यांनी सीटखालचा गालिचा उचलला, तर स्प्रिंगा गंजलेल्या आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवी बुरशी चढलेली दिसली. अत्तराची बाटली एसीच्या जाळीला का अडकवून ठेवली होती, याचा अर्थ मला त्या क्षणी समजला.

ती गाडी मी खरे सांगूनच विकली आणि त्यात मोठे नुकसान सोसले. घेणाऱ्याला गाळ दाखवला, त्याने सुटे भाग म्हणून घेतली.

अशोक चौक

मी तीस वर्षे गाड्यांचे काम करतो. वरचे सगळे अनुभव माझ्या गॅरेजमध्ये दर महिन्याला येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागले तर तुम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करून ठेवलेली आहे, आणि थंड इंजिनाला सुरू होताना होणारा त्रास, पहिला निळा धूर, टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) आवाज यांतले काहीही तुम्हाला दिसणार नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, ऑइल अडवणाऱ्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील संपत आले आहेत. पांढरा धूर हिवाळ्यात सकाळी क्षणभर दिसणे साहजिक आहे, पण तो थांबतच नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे. ऑइल भरायचे झाकण काढून आतून पाहा. दुधाळ चहासारखा थर असेल तर गॅस्केटची शंका घ्या. काही लोक धूर लपवण्यासाठी मुद्दाम फार घट्ट ऑइल भरतात, म्हणून डिपस्टिकवरचे, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचे, ऑइल दोन बोटांत चोळून बघावे.

जुळे सोलापूरच्या ताईंसाठी लिहितो. मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर ठेवून, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडायचा. चांगला क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. इंजिन चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी, वारंवार केल्यास चांगली प्लेटही झिजते.

किलोमीटरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगचे कातडे आणि ड्रायव्हरची सीट यांची झीज खोटे बोलत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसली तरी आपल्या सोलापूरच्या उन्हात उभ्या गाडीचे रबर वाळते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. असा टायर महामार्गावर फुटतो. सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची तीन वर्षांची चाचणी झालेली आहे का, ते पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

गाडी घरी आल्यावर देवदर्शनाला नेण्याआधी ती मेस्त्रीकडे न्या. ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, पट्टे आणि होज पाइप पहिल्याच आठवड्यात बदलून घ्यावेत. गाडीच्या किमतीचा निदान दहावा भाग त्यासाठी बाजूला ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. आणि काटा वर गेला की जिथे असाल तिथे थांबा. माझ्याकडे हेडच्या कामाला येणाऱ्या बहुतेक गाड्या "थोडेच राहिले होते" म्हणून पुढे आणलेल्या असतात.

बाळे

सगळेच विकणारे वाईट नसतात, म्हणून हे लिहितो. मी दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांकडून गाडी घेतली आणि सहाव्या दिवशी सकाळी ती सुरूच झाली नाही. बॅटरी बदलली, तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच झाले. मग मीटर लावून पाहिले, तेव्हा इंजिन चालू असतानाही बॅटरीवर सव्वाबारा व्होल्ट दिसत होते, जिथे साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. अल्टरनेटर चार्जच करत नव्हता आणि मी बिचाऱ्या बॅटरीला दोष देत होतो. संकोचत त्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "मला ठाऊक असते तर आधीच सांगितले असते. तरी निम्मा खर्च माझा." दुसऱ्या दिवशी ते स्वतः पैसे घेऊन घरी आले आणि चहा घेऊन गेले.

व्यवहाराच्या वेळी आम्ही कागदावर तारीख, वेळ, किलोमीटर, दिलेली रक्कम आणि गाडीत काय-काय बिघडलेले आहे ते लिहून दोघांनी सह्या केल्या होत्या. त्या कागदामुळे बोलणे सोपे झाले, कोणालाही आवाज चढवावा लागला नाही.

जुळे सोलापूर

बाळे येथील दादांचा अनुभव वाचून फार बरे वाटले. माझी गाडी मात्र जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली होती आणि त्यांनी फोन उचलणेच बंद केले. अशा वेळी काही करता येते का?

अक्कलकोट रस्ता, एमआयडीसी

ताई, विक्री हाच ज्याचा धंदा आहे त्याच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. पावती, जाहिरातीचे छायाचित्र, तुमचे संदेश आणि मेस्त्रींचे बिल जपून ठेवा. आधी लेखी नोटीस पाठवा. घरगुती विक्री करणाऱ्या एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत हा मार्ग चालत नाही, तेथे लिहून घेतलेला कागदच उपयोगी पडतो.

धागा काढणारा

सावळेश्वरजवळच्या त्या जोडप्याचे पुढे काय झाले, असे दोघांनी विचारले आहे, म्हणून कळवतो. त्यांनी काटा वर जाताच गाडी थांबवली होती. इंजिन निवेपर्यंत आम्ही तासभर बोलत बसलो, मग मोहोळहून मेस्त्रींना बोलावले. पंख्याचा फ्यूज उडालेला होता आणि एक होज पाइप फाटलेला होता. काल त्यांचा फोन आला, हेड शाबूत आहे.

मोहोळ

मी अजून गाडी घेतलेली नाही. वडिलांना आठवड्यातून दोनदा उपचारांसाठी सोलापूरला न्यावे लागते, एसटीच्या गर्दीत त्यांना उभे राहवत नाही, म्हणून दीड लाखापर्यंतची गाडी पाहतो आहे. जुना पुणे नाका परिसरातील एक गाडी रविवारी बघायची आहे. अशोक चौकातल्या अण्णांना विनंती आहे की मी ती गाडी तुमच्या गॅरेजपर्यंत घेऊन आलो तर एकदा पाहाल का?

अशोक चौक

गाडी माझ्याकडे आणू नका, कारण येईपर्यंत ती गरम होईल. मालकांना शनिवारी रात्रीच सांगून ठेवा की सकाळी कोणीही सुरू करायची नाही. मी रविवारी सात वाजता तेथेच येतो. येताना वडिलांनाही आणा, त्यांना मागच्या सीटवर चढता-उतरता येते का तेही पाहून घेऊ.