पूर्णवेळ आरव्हीत राहायचंय: आरोग्य विमा कुठल्या राज्याचा घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतलं (एडिसन) घर विकून आम्ही दोघं कायमचे आरव्हीत (चाकांवरच्या घरात) राहायला निघतोय. फिफ्थ व्हील (राहायचा मोठा ट्रेलर) घेऊन झालीय, ती ओढणारा ट्रक दारात उभा आहे, मुलगी नोकरीला लागून स्वतःच्या विम्यावर गेली आहे. उन्हाळा कोलोरॅडो-मोंटानाकडे आणि थंडी अ‍ॅरिझोनात, एवढं ढोबळ ठरलंय. घोडं अडलंय ते आरोग्य विम्यापाशी. इथे आरव्हीत राहणारी मंडळी आहेत, शिवाय विमा, औषधं, कर या क्षेत्रांत काम करणारेही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवरा ५८ वर्षांचा, मी ५५. म्हणजे मेडिकेअरला (पासष्टीनंतरच्या सरकारी विम्याला) अजून बराच अवकाश आहे. त्याची नोकरी जूनअखेर संपते आणि त्याबरोबर कंपनीचा विमाही. त्याला फक्त ब्लडप्रेशरची गोळी आहे, त्याचं कुठेही भागेल. मला आमवात (ऱ्हुमॅटॉइड) आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दर दोन आठवड्यांनी अडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन आणि दर दोन-तीन महिन्यांनी लिव्हर व रक्तपेशींची तपासणी. या औषधांमुळे आज मी ठणठणीत आहे. सकाळी चहाचं भांडं एका हाताने उचलते, ट्रेलर जोडताना वाकून पिन लावते. ती थांबली तर बोटं कशी सुजतात ते मला माहीत आहे. त्यामुळे "काहीतरी स्वस्तातलं घ्या आणि निघा" हा सल्ला आमच्या उपयोगाचा नाही.

आतापर्यंत मला जे समजलंय ते असं. घर नसलं म्हणून मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमाबाजारातून स्वतः घ्यायचा विमा नाकारता येत नाही. नियमातच म्हटलंय की ज्या राज्यात राहण्याचा तुमचा इरादा आहे ते तुमचं राज्य, कायमचा पत्ता नसला तरीही. आजार आधीपासूनचा आहे म्हणूनही नाकारता येत नाही. पण विमा देशाचा नसतो, राज्याचा आणि त्यातल्या काउंटीचा (जिल्ह्याचा) असतो. पूर्णवेळ आरव्हीवाले बहुतेक फ्लोरिडा, टेक्सास किंवा साउथ डकोटाचे रहिवासी होतात. तिथे राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. साउथ डकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपालाचा पत्ता यांवर लायसन्स मिळतं. आमचा कल तिकडेच होता.

मग परवा मी तिथल्या एका योजनेच्या संकेतस्थळावर टूसॉनचा झिप कोड घालून संधिवाताचे डॉक्टर शोधले. एकही नाही. मोंटानातलं बोझमन घातलं, तिथेही नाही. इमर्जन्सी कुठेही झाली तरी विमा लागू होतो हे ठाऊक आहे, पण माझा आजार इमर्जन्सीचा नाही, रोजचा आहे. मला डॉक्टर लागतो, लॅब लागते आणि महिन्याला थर्मोकोलच्या खोक्यातून बर्फाच्या पिशव्यांसकट येणारं इंजेक्शन लागतं, जे कुणीतरी सही करून घ्यावं लागतं आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आज ते घरी येतं. उद्या ते कुठे येणार?

तर जाणकारांनी कृपया सांगावं: इतर राज्यांत नेहमीच्या उपचारांना चालेल असा वैयक्तिक विमा या तीनपैकी कुठे मिळतो? जुलैपासून कोब्रा (नोकरी सुटल्यावर कंपनीचाच विमा स्वखर्चाने चालू ठेवणं) घ्यावा की थेट मार्केटप्लेस? घर विकल्याचे पैसे आणि पुण्यातल्या एफडींचं व्याज मार्केटप्लेसच्या हप्त्यावरच्या सरकारी सबसिडीच्या हिशेबात धरतात का? आणि इंजेक्शनाचं काय करावं? नवरा अजून ग्रीन कार्डावर आहे, मी नागरिक आहे, त्याने काही फरक पडत असेल तर तेही सांगा.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद – माळरान

ताई, सर्वप्रथम अभिनंदन. आम्ही दोघं असेच राहतो, म्हणून अनुभवाचं सांगतो. लोक आधी कर आणि गाडीची नोंदणी बघून राज्य ठरवतात आणि मग तिथे मिळेल तो विमा गळ्यात पडतो. पासष्टीच्या आतल्या माणसाने, त्यातून नियमित औषध असलेल्याने, हे उलट करावं. आधी नेटवर्क (विम्याला चालणाऱ्या डॉक्टरांचं जाळं), मग राज्य.

टेक्सासच्या मार्केटप्लेसवर देशभर चालणारी पीपीओ (नेटवर्कबाहेरचे डॉक्टरही चालतात अशी योजना) बरीच वर्षं मिळत नाही. साउथ डकोटाचं तुम्ही स्वतःच तपासलंत. राहता राहिला फ्लोरिडा. तिथल्या फ्लोरिडा ब्लू या विमा कंपनीच्या ब्लू-ऑप्शन्स गटातल्या योजनांना इतर राज्यांतल्या ब्लू क्रॉस कंपन्यांचे डॉक्टर चालतात, त्या व्यवस्थेला ब्लूकार्ड म्हणतात. त्याच कंपनीच्या एचएमओ (ठरावीक नेटवर्कपुरत्या) योजनेला हा फायदा नाही, त्यामुळे कंपनीचं नाव बघून घेऊ नका, योजनेचं नाव बघा. या विम्याच्या कार्डावर सुटकेसचं बारीक चित्र असतं. सुटकेसमध्ये पीपीओ अशी अक्षरं असतील तर काम झालं. सुटकेस रिकामी असेल तर घेण्याआधी फोन करून नीट विचारा. योजना दर वर्षी आणि काउंटीगणिक बदलतात, म्हणून तुमच्या टपाल सेवेचा पत्ता ज्या काउंटीत आहे तीच घालून शोधा. बरेच आरव्हीवाले ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जचा, म्हणजे क्ले काउंटीचा पत्ता घेतात, कारण सेंट ब्रेंडन्स आइल ही टपाल सेवा तिथे आहे.

एकदा फ्लोरिडा ठरला की सगळं फ्लोरिडाचं करा: लायसन्स, गाड्यांची नोंदणी, मतदान, आयकराचा पत्ता. काउंटीच्या क्लार्ककडे डोमिसाईलचं प्रतिज्ञापत्रही नोंदवता येतं. अर्धं इथे, अर्धं तिथे ठेवलंत तर विमा कंपनीला आणि जुन्या राज्याच्या करखात्याला, दोघांनाही प्रश्न विचारायला जागा राहते. यजमान ग्रीन कार्डावर आहेत, तर त्यांनी पत्ता बदलल्यापासून दहा दिवसांत इमिग्रेशनला एआर-११ फॉर्म भरून कळवायचं. तुम्हाला त्याची गरज नाही.

अजून एक. न्यू जर्सीचे तुमचे डॉक्टर व्हिडिओवर भेटत राहतील असं धरून चालू नका. त्या वेळी पेशंट ज्या राज्यात बसलेला असतो तिथला परवाना डॉक्टरकडे लागतो. आमच्या ओळखीत ज्यांना जुनाट आजार आहे ते सगळे एकच करतात: थंडीत जिथे जास्त मुक्काम असतो तिथला डॉक्टर पक्का धरतात, वर्षातून दोनदा त्यालाच भेटतात आणि मधल्या तपासण्या वाटेत करतात. क्वेस्ट आणि लॅबकॉर्प बहुतेक सगळीकडे आहेत. डॉक्टरांकडून वर्षभराची स्टँडिंग ऑर्डर (पुन्हापुन्हा चालणारी तपासणीची चिठ्ठी) घेऊन ठेवा, रक्त कुठल्याही गावात देता येईल. तुमच्या योजनेत दोघांपैकी कुठली लॅब आहे तेवढं बघा.

प्रतिसाद – जमाखर्च

पैशाच्या भागाबद्दल लिहितो.

कोब्रा महाग वाटेल, कारण कंपनी भरत होती तो वाटाही तुम्हालाच भरायचा आणि वर २ टक्के. तरी तुमच्या बाबतीत तोच योग्य दिसतो. आता जो विमा आहे तो देशभर चालणारा पीपीओ असेल तर कोब्रातही तोच राहतो आणि यंदा भरून झालेलं डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) वाया जात नाही. जुलैत मार्केटप्लेसवर गेलात तर डिडक्टिबल शून्यापासून सुरू, जानेवारीत पुन्हा शून्यापासून. शिवाय यंदा सहा महिन्यांचा पगार उत्पन्नात आहेच, त्यामुळे सबसिडी मिळण्याची आशा कमी. म्हणून डिसेंबरपर्यंत कोब्रा, १ नोव्हेंबरला नोंदणी सुरू झाली की फ्लोरिडाची योजना निवडायची आणि १ जानेवारीपासून ती चालू. १५ डिसेंबरच्या आत निवडा म्हणजे खंड पडणार नाही.

एका गोष्टीची काळजी घ्या. कोब्रा मध्येच मनाने बंद केला तर तेवढ्या कारणावरून मार्केटप्लेसवर घेत नाहीत, नोव्हेंबरची वाट बघावी लागते. राज्य बदललं तर ६० दिवसांची वेगळी खिडकी मिळते, पण त्यासाठीही स्थलांतराच्या आधी विमा चालू असावा लागतो. थोडक्यात, एक दिवसही विम्याविना राहू नका.

सबसिडीचं: २०२१ला आलेली वाढीव सवलत २०२५अखेर संपली आणि उत्पन्नाची गरिबीरेषेच्या ४०० टक्क्यांची जुनी मर्यादा परत आली. २०२६च्या विम्यासाठी दोन माणसांना ती ८४,६०० डॉलर आहे, २०२७साठी थोडी वर सरकेल. त्या रेषेवर एक डॉलर गेला तरी सगळी सबसिडी जाते. आणि २०२६पासून आगाऊ घेतलेली जादा सबसिडी पूर्ण परत करावी लागते, आधी त्यावर कमाल मर्यादा असायची. तुमच्या वयाला हप्ता मोठा असतो, त्यामुळे ही रेषा वर्षभर डोळ्यांसमोर हवी.

राहत्या घराच्या विक्रीत नवरा-बायकोला मिळून ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. तेवढा या हिशेबात येत नाही, त्यावरचा येतो. तुम्ही यंदाच विकताय, म्हणून पुढच्या वर्षाच्या सबसिडीला त्याचा धक्का नाही. पुण्याच्या एफडींचं व्याज मात्र धरतात, एनआरओ आणि एनआरई या दोन्ही प्रकारच्या अनिवासी खात्यांचं. एनआरईला भारतात कर नाही म्हणून इथे दाखवायचं नाही असा समज आपल्याकडे फार पसरलाय, तो चुकीचा आहे. फ्लॅटचं भाडं येत असेल तर तेही धरा. ४०१के या कंपनीच्या निवृत्तीखात्यामधून किती काढायचं ते यावरून ठरवा. ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सुटली तर त्या कंपनीच्या ४०१के मधून दंडाशिवाय पैसे काढता येतात, यजमान त्यात बसतात. फक्त घाईने ती रक्कम आयआरएमध्ये (स्वतःच्या निवृत्तीखात्यात) हलवू नका, ही सोय तिथे नाही.

प्रतिसाद – रानवारा

आमच्या मित्रांनी विम्याऐवजी हेल्थ शेअरिंग (सभासद एकमेकांचा खर्च वाटून घेतात ती व्यवस्था) घेतलंय, हप्ता खूपच कमी आहे. ते बघितलंत का? किंवा थंडीत पुण्याला जाऊन सगळे उपचार तिकडेच?

प्रतिसाद – माळरान

रानवारा, ताईंच्या बाबतीत नको. हेल्थ शेअरिंग हा विमा नाही, पैसे देण्याची कायदेशीर हमी नसते, आणि आधीपासूनच्या आजाराचा खर्च सहसा काही वर्षं तरी वगळतात. अडॅलिम्युमॅबसारखं औषध त्यात बसवणं अवघड. पुण्यात दात, चष्मा, नेहमीच्या तपासण्या जरूर करून घ्याव्यात. अ‍ॅरिझोनात थंडी काढणारे दातांसाठी युमाजवळची सीमा ओलांडून मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेसला जातात, तशातलंच ते. पण मोंटानात पाय मोडला तर पुणे कामाला येणार नाही.

प्रतिसाद – औषधी

मी फार्मासिस्ट आहे, इंजेक्शनापुरतं लिहिते. ताई, नवीन विम्याच्या औषधयादीत फक्त "अडॅलिम्युमॅब" बघून थांबू नका. २०२३पासून त्याची बायोसिमिलर्स (दुसऱ्या कंपन्यांची जवळपास तशीच औषधं) बाजारात आहेत आणि पुष्कळ योजना आता ठरावीक ब्रँडच देतात. तुमचा कुठला ते नावासकट जुळवा. पूर्वमंजुरी नव्या विम्यात नव्याने लागते. डॉक्टरांकडून निदानाचे कागद, आधी कुठली औषधं घेऊन झाली त्याची यादी आणि ताजे रिपोर्ट आत्ताच मागून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. डिसेंबरात इंजेक्शनाची शेवटची दोन पेन हातात असतील अशी आखणी करा, कारण जानेवारीत मंजुरीला वेळ लागतो. उत्पादकाचं कोपे कार्ड (पेशंटच्या वाट्याचा खर्च कमी करणारं) मार्केटप्लेसच्या विम्याबरोबर चालतं.

पोचवण्याबद्दल: विशेष फार्मसीला (अशी औषधं घरी पाठवणाऱ्या) दर वेळी वेगळा पत्ता देता येतो. पाठवण्याआधी त्या फोन करतात, तेव्हा पुढच्या मुक्कामाचा पत्ता सांगायचा. काही फार्मसी दुकानातून घेऊन जायची सोय देतात, प्रवासात ती सगळ्यात सुरक्षित. पोस्टाच्या जनरल डिलिव्हरीवर (पोस्टात जाऊन घ्यायच्या टपालाने) मागवू नका, ही खोकी कुरिअरने येतात. कॅम्पग्राउंडवर मागवणार असाल तर ऑफिसला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि शुक्रवारी येईल असं कधीच ठेवू नका, शनिवार-रविवार खोकं गोदामात पडून राहतं.

आरव्हीच्या फ्रिजवर विसंबू नका. आत स्वस्त थर्मामीटर ठेवा, ३६ ते ४६ फॅरनहाइट हवं. पेन मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे गोठतं, आणि गोठलेलं टाकूनच द्यावं लागतं. बऱ्याच ब्रँडची पेन ७७ अंशांच्या खाली चौदा दिवसांपर्यंत बाहेर चालतात, तुमच्याबरोबरच्या पत्रकात बघा. एकदा बाहेर काढलेल्या पेनवर तारीख लिहा.

प्रतिसाद – धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मला एजंटकडूनही मिळालं नव्हतं.

नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. साउथ डकोटा रद्द. डिसेंबरपर्यंत कोब्रा, घर विकलं की पत्ता क्ले काउंटीचा, नोव्हेंबरात ब्लू-ऑप्शन्स. सध्याचा विमा देशभर चालतो याची कंपनीकडून खात्री करून घेतली. एनआरईच्या व्याजाचं आम्ही आधीपासून दाखवतोच, पण ८४,६०० च्या रेषेत ते मोजायचं हे डोक्यात नव्हतं, त्यामुळे ४०१के मधून काढायची रक्कम आता कमी ठरवतोय.

दोन गोष्टी राहिल्या. फ्लोरिडाच्या विम्यावर टूसॉन किंवा फीनिक्समध्ये संधिवाताच्या डॉक्टरकडे कुणी प्रत्यक्ष जातंय का? नवीन पेशंटला तिथे किती महिन्यांनी वेळ मिळते ते कळलं तर मी कोब्रावर असतानाच, ऑक्टोबरात नंबर लावून ठेवेन. आणि बोझमनच्या आसपास खोकं सांभाळून ठेवणारं कॅम्पग्राउंड कुणाला माहीत असेल तर नाव व्यनि (खासगी निरोप) करा.