व्हेटो: एक देश चौदा देशांना कसा काय थांबवू शकतो?

चौकस_वाचक
बातम्यांत दर वेळी तेच, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बहुतेक सगळे ठरावाच्या बाजूने होते पण एका देशाने व्हेटो वापरला आणि ठराव पडला. मग मतदान घेतात तरी कशाला? आणि राष्ट्रपतींना किंवा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना जो व्हेटो असतो तो हाच की वेगळा? परीक्षेपुरत्या व्याख्या पाठ आहेत, पण प्रत्यक्षात चालतं कसं ते डोक्यात शिरत नाही, आणि खरं सांगायचं तर रागही येतो.

सनद_27
संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं, म्हणजे संघटनेच्या मूळ कराराचं, 27 वं कलम वाचून काढा, अगदी छोटं आहे. परिषदेत 15 सदस्य, ठराव पास व्हायला किमान 9 मतं बाजूने हवीत आणि अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स या पाच कायम सदस्यांपैकी एकाचंही मत विरोधात नको. बस्स, एवढंच. व्हेटो म्हणून काही वेगळी प्रक्रिया नसते, या पाचातल्या कुणी विरोधात हात वर केला की झाला व्हेटो.

तटस्थ राहणं म्हणजे मात्र व्हेटो नाही, इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. सनद शब्दशः वाचली तर पाचही जणांचा होकार लागतो असं वाटतं, पण प्रथा वेगळी पडली आणि 1971 मध्ये नामिबियाच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती मान्यही केली. गैरहजर राहिलं तरी ठराव अडत नाही. 1950 मध्ये चीनची जागा कुणाला द्यायची या वादावरून सोव्हिएत रशियाने परिषदेवर बहिष्कार टाकला होता, तेवढ्यात कोरियात सैन्य पाठवायचा ठराव पास होऊन गेला, ऑगस्टमध्ये ते परत येऊन बसले ते कायमचेच. आणि हो, विषय अजेंड्यावर घ्यायचा की नाही असल्या कामकाजाच्या मतदानात व्हेटो चालतच नाही.

कलम१११
देशांतर्गत व्हेटोत मोठा फरक म्हणजे तिथे पुढे रस्ता असतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी विधेयक परत पाठवलं तर दोन्ही सभागृहं दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा पास करू शकतात, 1973 मध्ये युद्धाच्या अधिकारांबद्दलच्या कायद्यावर निक्सन यांचा व्हेटो असाच मोडून काढला होता. आपल्याकडे राष्ट्रपती साधं विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, संसदेने परत पास केलं की सही करावीच लागते. पण सही किती दिवसांत करायची हे राज्यघटनेच्या 111 व्या कलमात लिहिलेलंच नाही, त्यामुळे 1986 चं टपाल विधेयक तेव्हाचे राष्ट्रपती झैल सिंग यांनी ना मंजूर केलं ना परत पाठवलं, नुसतं ठेवून दिलं आणि ते कधीच कायदा झालं नाही. माझ्या मते तर हा जास्त जबर व्हेटो, कारण कारण द्यावं लागत नाही आणि उलटवायलाही काही हाती नसतं.

लांबचा_विचार
सुरक्षा परिषदेत अजिबातच रस्ता नाही असं नाही हो. 1950 मध्येच आमसभेने, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेने, ठरवलं की परिषद अडकली तर विषय आम्ही घेऊ. 1956 ला इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावरून युद्ध झालं त्या वेळी ब्रिटन-फ्रान्सने व्हेटो वापरला तेव्हा आमसभेचं तातडीचं अधिवेशन बोलावून युद्धबंदीची मागणी केली आणि शांतिसेनाही उभी राहिली. एप्रिल 2022 पासून तर कुणीही व्हेटो वापरला की 10 कामकाजाच्या दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा व्हावी असा नियम आहे. पण आमसभेचा ठराव म्हणजे शिफारस, तो बंधनकारक नसतो, त्यामुळे ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यावर जोर चालत नाही.

आणि मतदानाला येऊन पडलेले ठराव मोजून फसू नका. कितीतरी मसुदे व्हेटोच्या भीतीने आधीच पातळ केले जातात नाहीतर टेबलावर येतच नाहीत, त्यांची नोंद कुठे सापडणार. खरं नुकसान तिथे आहे असं मला मनापासून वाटतं.

चौकस_वाचक
सगळ्यांचे आभार, बरंच क्लिअर झालं. पण ज्याच्यावर आरोप आहे तोच स्वतःच्या केसमध्ये व्हेटो वापरतो हे कसं चालतं? आणि काढून का टाकत नाहीत?

सनद_27
त्याच 27 व्या कलमात लिहिलंय की वादातला पक्ष असलेल्या सदस्याने मतदान करू नये, पण ते फक्त शांततेने वाद मिटवण्याच्या, म्हणजे सहाव्या प्रकरणाखालच्या निर्णयांपुरतं. निर्बंध, लष्करी कारवाई असलं काही सातव्या प्रकरणाखाली आलं की ही अट लागू नाही. आणि जिथे लागू आहे तिथेही कुणी ती नीट पाळायला लावत नाही. 25 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवरच्या ठरावाला 11 मतं बाजूने, 3 तटस्थ आणि विरोधात एकटा रशिया, त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं.

काढून टाकायचं म्हणाल तर सनद बदलायला दोन तृतीयांश देशांची मंजुरी लागते आणि त्यात हे पाचही जण हवेतच, 108 वं कलम. म्हणजे व्हेटो काढायच्या प्रस्तावावरही त्यांचाच व्हेटो. 1945 ला सॅन फ्रान्सिस्कोत छोट्या देशांनी याला बराच विरोध केला होता, पण व्हेटो नसेल तर संघटनाच होणार नाही हे मोठ्यांनी स्पष्ट सांगितल्यावर त्यांना मान्य करावं लागलं.