रिबन उलटी लागली: चिप बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न असा: युरोरॅक सिंथेसायझरच्या (सुटी मॉड्यूल एका केसमध्ये जोडून बनणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) एका मॉड्यूलला वीज देणारी रिबन केबल उलटी लागल्यावर नुसती टीएल०७२ ही ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी) चिप बदलून भागेल का. कधी भागतं, पण आधी केबल १० पिनची होती की १६ची ते बघा. १० पिनची उलटली तर +१२ आणि -१२ व्होल्ट यांची अदलाबदल होते. नुकसान बहुतेक त्याच मॉड्यूलचं. १६ पिनची उलटली तर मॉड्यूलच्या ग्राउंडमधून बसवरचे (सगळ्या मॉड्यूलना वीज वाटणाऱ्या पट्टीवरचे) +१२ आणि +५ एकमेकांना चिकटतात, म्हणजे ५ व्होल्टवर चालणारे शेजारीही गोत्यात. तेही तपासा.

मॉड्यूल केसमध्ये परत लावू नका. सॉकेटमधले आयसी (चिप) काढा, मल्टिमीटरने +१२ ते ग्राउंड, -१२ ते ग्राउंड आणि +१२ ते -१२ रोध मोजा. शॉर्ट नसेल तरच वीज द्या. टीएल०७२च्या सॉकेटवर पिन ८ला +१२, पिन ४ला -१२ यायला हवेत. टीएल०७४ चिप असेल तर अनुक्रमे ४ आणि ११. वीज आत येते तिथला १० ओहमचा रेझिस्टर जळाला असेल तर त्याने फ्यूजचं काम केलं, आनंद माना. रेलवरचे (+१२ आणि -१२च्या वीजवाहिन्यांवरचे) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगले नसले तरी बदला.

केबलची लाल पट्टी -१२कडे, हे बहुतेक ठिकाणी खरं. पण छापील खुणेवर विसंबू नका, मीटर लावा. आणि पुन्हा उलटी लागली तर वीज अडावी म्हणून दोन्ही रेलवर १एन५८१७ डायोड सिरीजमध्ये टाका, त्याने साधारण ०.३ व्होल्टच कमी होतात.